लांब कोटाचा गुन्हा

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणसाची पारख त्याच्या वस्त्रावरून होते, हे सत्य तीत थोड्या थट्टेच्या सुरात सांगितले आहे. परंतु इतिहासाची पाने चाळीत असता असेही प्रसंग भेटतात की, जेथे ही थट्टा थट्टा राहत नाही. तेथे कपडा हाच पुरावा होतो आणि कपडा हाच गुन्हा होतो. एखाद्या पोराच्या अंगावरचा कोट भर रस्त्यात ओरबाडून काढणे हे देशभक्तीचे कृत्य म्हणून वर्तमानपत्रांतून गाजविले जाते. आज आम्ही अशाच एका कोटाची हकीगत श्रोत्यांपुढे मांडणार आहोत. हा कोट नाचणाऱ्या पोरांचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत तीन देशांतील अधिकाऱ्यांनी त्याची दखल घेतली, आणि तिन्ही ठिकाणी त्याच्यापायी पोरांनी मार खाल्ला.

वस्त्रांची भाषा आपल्याला नवी नाही. पेशवाईत पगडी पाहून माणसाचा दर्जा आणि व्यवसाय ओळखता येत असे. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा लोकांनी आपल्याच अंगावरचे आणि आपल्याच पेटीतले कपडे आपल्या हातांनी आगीत टाकले. १९३० साली सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा डोक्यावरची साधी पांढरी गांधी टोपी सरकारच्या डोळ्यांत सलू लागली. ती घालणारा माणूस आपण काय करीत आहोत हे पुरते जाणत होता. ती टोपी हे एक व्रत होते, आणि व्रताची किंमत द्यावी लागते हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. पण ज्याने कसलेही व्रत घेतलेले नाही, ज्याला फक्त शनिवारी रात्री छान दिसायचे आणि नाचायचे आहे, त्याच्या कपड्यांनाही सत्ता भिते काय? भीत असेल तर का? आजच्या विषयातील खरा प्रश्न हा आहे.

या प्रकरणाचे मूळ संगीतात आहे. अमेरिकेतील निग्रो समाजाने, म्हणजे ज्यांना आज कृष्णवर्णीय अमेरिकन म्हटले जाते त्यांनी, जॅझ नावाचे संगीत घडविले. १९३० नंतरच्या दशकात त्याला जे मोठ्या वाद्यवृंदाचे, झुलत्या ठेक्याचे रूप आले त्याला ‘स्विंग’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९२६ साली उघडलेल्या सॅव्हॉय नृत्यगृहात गोरे आणि काळे एकाच जमिनीवर नाचत, आणि त्या काळच्या अमेरिकेत ही गोष्ट सामान्य नव्हती. १९३५ च्या ऑगस्ट महिन्यात लॉस एंजेलिसच्या पॅलोमार नृत्यगृहात बेनी गुडमन या ज्यू वादकाचा वाद्यवृंद वाजला आणि तरुणांची एकच झुंबड उडाली. पुढे रेडिओ आणि तबकड्या यांच्या पाठीवर बसून हा ठेका समुद्र ओलांडून गेला. तो आपल्या मुंबईतही उतरला. लिऑन अ‍ॅबी याचा निग्रो वाद्यवृंद १९३५ साली ताजमहाल हॉटेलात वाजत होता.

नाच आला की नाचाचा पोशाखही येतोच. या पोशाखाला अमेरिकेत ‘झूट सूट’ हे नाव पडले. त्याची रचना शिंप्याच्या भाषेत सांगितली म्हणजे चटकन ध्यानात येईल. कोट गुडघ्यापर्यंत लांब. खांदे कापसाच्या गाद्या भरून रुंद केलेले. छातीवरच्या उलटलेल्या पट्ट्या तळहाताएवढ्या. कंबर आवळलेली. विजार मात्र पार छातीच्या खालपर्यंत वर चढविलेली, कमरेशी चुण्या घातलेली, गुडघ्याशी घोळदार, आणि खाली मोहरी इतकी अरुंद की पाऊल कसेबसे आत जावे. त्यावर गुडघ्याच्या खाली लोंबणारी साखळी, रुंद काठाची टोपी आणि जाड तळव्याचे बूट. या विचित्र दिसणाऱ्या रचनेत नाचणाऱ्याची सोय होती. घोळामुळे गुडघा मोकळा राही, आणि मोहरी अरुंद असल्याने गिरकी घेताना टाच कापडात अडकत नसे. ही तऱ्हा अमुक एका शिंप्याने काढली असे म्हणता येत नाही. लंडनच्या उंची शिंप्यांनी उमरावांसाठी सैलसर कोटांची जी तऱ्हा रूढ केली होती, तिलाच हार्लेम आणि शिकागो येथील तरुणांनी ताणून, फुगवून, गमतीच्या टोकाला नेले, एवढे मात्र दिसते. कॅब कॅलोवे हा विख्यात गायक रंगमंचावर असा पोशाख करी.

आता कोणी विचारील, खिशात दमडी नसलेल्या पोराला इतक्या वारांचा कोट कशाला हवा? माल्कम एक्स याच्या आत्मचरित्रात, जे १९६५ साली प्रसिद्ध झाले, बोस्टन शहरात त्याने आपला पहिला झूट सूट हप्त्यांवर कसा घेतला याचे वर्णन आहे. पुढे हाच तरुण निग्रोंचा एक प्रखर पुढारी झाला, आणि आपल्या त्या वेळच्या नटण्याकडे त्याने कठोर नजरेने पाहिले. पण त्या वयात त्याला तो कोट प्राणापेक्षा प्रिय होता. आठवडाभर दुसऱ्यांचे बूट पुसायचे, बशा धुवायच्या, गाडीत मागच्या बाजूला उभे राहायचे. शनिवारी मात्र असा कोट चढवायचा की, रस्त्याने येणाऱ्याला बाजूला सरून वाट द्यावी लागेल. ज्याला जगात जागा नाही तो निदान कापडात तरी ऐसपैस जागा घेतो. आमच्या मते या पोशाखाचे अर्धे रहस्य येथेच आहे.

हीच तऱ्हा लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन घराण्यांतील मुलांनी उचलली. ही मुले बहुतेक अमेरिकेतच जन्मलेली होती. त्यांचे आईबाप मजूर. १९३० नंतरच्या मंदीत या समाजातील लाखो माणसांना मेक्सिकोत धाडण्यात आले होते, आणि त्यांत अमेरिकेचे जन्मसिद्ध नागरिकही होते. काही सार्वजनिक तलावांवर मेक्सिकनांना आठवड्यातून एकच दिवस पोहता येई. अशा मुलांनी स्वतःला ‘पाचूको’ म्हणवून घेतले. त्यांनी इंग्रजी आणि स्पॅनिश यांची भेळ करून आपली एक बोली चालविली आणि निग्रोंच्या ठेक्यावर नाच सुरू केला. मुलीही मागे नव्हत्या. आखूड झगा, कपाळावर उंच फुगविलेले केस, गडद रंगलेले ओठ, क्वचित भावाचाच लांब कोट, असा त्यांचा थाट असे. घरातील वडीलधाऱ्यांना हे मुळीच रुचत नसे. मेक्सिकोचे कवी ओक्तावियो पाझ यांनी काही काळ लॉस एंजेलिसमध्ये राहून हे तरुण पाहिले, आणि १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधग्रंथाचा आरंभच त्यांच्यावरील प्रकरणाने केला. त्यांनाही या मुलांविषयी निर्भेळ कौतुक वाटले नाही. म्हणजे मेक्सिकोच्या मते ही मुले अमेरिकन झालेली, आणि अमेरिकेच्या मते ती मेक्सिकनच राहिलेली.

अशा वेळी युद्ध आले. लोकरीचे कापड सैन्याच्या गणवेशांसाठी हवे होते. १९४२ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या युद्धोत्पादन मंडळाने पुरुषांच्या कपड्यांत किती कापड वापरावे यावर निर्बंध घातले. झूट सूट त्या निर्बंधांत बसणे शक्यच नव्हते. काही शिंपी तो चोरून शिवीत राहिले आणि मुले तो घालीत राहिली. येथे दुसरी बाजूही न्यायाने ऐकून घेतली पाहिजे. ज्या घरातला मुलगा पॅसिफिकमध्ये लढत आहे, त्या घरातील माणसाला रस्त्याने जाणारा चार वार जास्तीचा कोट पाहून संताप येणे स्वाभाविक आहे. आपल्याकडेही १९४३ साली कापडावर नियंत्रण आले. त्या दिवसांत दुकानापुढे रांगेत उभे राहिलेल्या माणसाला कोणी रेशमी सोग्याने रस्ता झाडीत चालला असता, तर काय वाटले असते, याची कल्पना आपणही करू शकतो. पण निर्बंध मोडल्याबद्दल दंड करणे ही एक गोष्ट, आणि माणसाला कपड्यावरून गुन्हेगार ठरविणे ही अगदी निराळी गोष्ट.

ती निराळी गोष्ट लवकरच घडली. १९४२ सालीच पॅसिफिक किनाऱ्यावरून सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना उचलून छावण्यांत ठेवण्यात आले होते. ते गेल्यावर संशयाची नजर मेक्सिकन वस्त्यांकडे वळली, असे कॅरी मॅकविल्यम्स या लेखकाने पुढे दाखवून दिले. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात शहराबाहेरील एका तळ्याजवळ एक मेक्सिकन तरुण जखमी अवस्थेत सापडला आणि मरण पावला. वर्तमानपत्रांनी त्या तळ्याला ‘स्लीपी लगून’ असे नाव दिले. पोलिसांनी शेकडो तरुणांची धरपकड केली, आणि त्यांपैकी २२ जणांवर एकत्र खटला भरला. खटल्याच्या आरंभीच्या काळात आरोपींना केस कापू देण्यात आले नाहीत आणि कपडेही बदलू देण्यात आले नाहीत. कारण त्यांचे केस आणि कपडे हेच ते कोण आहेत याची खूण आहे, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते! शेरीफच्या कचेरीतील एका अधिकाऱ्याने तर मोठ्या पंचमंडळापुढे लेखी अहवाल ठेवून सांगितले की, हिंसेची आवड या लोकांना त्यांच्या अझ्टेक पूर्वजांकडून रक्तातूनच आली आहे. रक्तात गुन्हा असतो ही कल्पना आपल्याला परकी नाही. १८७१ च्या कायद्याने आपल्या देशातील कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या होत्या, आणि तो कलंक कायद्यातून पुसला जायला १९५२ साल उजाडावे लागले. १९४३ च्या जानेवारीत स्लीपी लगून खटल्याचा निकाल लागला, आणि २२ पैकी १७ तरुण दोषी ठरले.

त्यानंतर पाच महिन्यांनी वणवा पेटला. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तीजवळ नौदलाचा एक मोठा तळ होता. खलाशी आणि तेथील तरुण यांच्यात शिवीगाळ, धक्काबुक्की चाललेलीच असे. दोष एकाच बाजूचा होता असे आम्ही म्हणणार नाही. ३ जून १९४३ च्या रात्री सुमारे पन्नास खलाशी हातांत सोटे घेऊन बाहेर पडले आणि झूट सूट शोधू लागले. एका चित्रपटगृहात शिरून त्यांनी दिवे लावावयास लावले, आणि खुर्च्यांवरून पोरांना ओढून काढून त्यांचे कपडे फाडले. दुसऱ्या रात्री खलाशी टॅक्सींचा ताफाच घेऊन आले. ७ जूनच्या रात्री तर सैनिक, खलाशी आणि नागरिक मिळून हजारोंचा जमाव शहराच्या मध्यभागी जमला. ट्रॅम थांबवून आतली माणसे खाली ओढली गेली. मेक्सिकनांबरोबर निग्रो आणि फिलिपिनो तरुणांनाही मार बसला. त्यांतील कित्येकांच्या अंगावर झूट सूट नव्हताच. ज्यांच्या अंगावर होता त्यांना रस्त्यात नागवे केले गेले आणि त्यांच्या कपड्यांच्या होळ्या पेटविल्या गेल्या. पोलीस मागून येत आणि मार खाऊन पडलेल्यांनाच पकडून नेत. पाचशेहून अधिक मेक्सिकन तरुण असे गजाआड गेले. पुण्याच्या होळीत माणसाने आपले वस्त्र आपण होऊन दिले होते. या होळीत ते त्याच्या अंगावरून हिसकावले होते. दोन्हीकडे जळले कापडच, पण दोन्ही होळ्यांचे अर्थ एकमेकांपासून किती दूर आहेत!

८ जूनला लष्करी अधिकाऱ्यांनी सैनिकांना शहरात जाण्याची मनाई केली, तेव्हा दंगा ओसरला. सुदैवाने कोणाचा प्राण गेला नाही. शहराच्या नगरमंडळाने काय करावे? त्याने झूट सूटवर बंदी घालावी असा ठराव केला! म्हणजे घर जळाले म्हणून घराला शिक्षा. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी मात्र आपल्या वृत्तपत्रीय सदरात स्पष्ट लिहिले की, प्रश्न कपड्यांचा नसून वंशद्वेषाचा आहे. त्याबद्दल तेथील एका मोठ्या पत्राने त्यांच्यावर कम्युनिस्टधार्जिणेपणाचा ठपका ठेवला. गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी चौकशी समिती नेमली, आणि तिनेही वंशद्वेष हे मुख्य कारण असल्याचे मान्य केले. मौज अशी की, जून महिन्यात ज्या कोटासाठी पोरांना नागवे केले गेले, तोच कोट घालून कॅब कॅलोवे जुलै महिन्यात ‘स्टॉर्मी वेदर’ या चित्रपटातून पडद्यावर अवतरला. पडद्यावर तो कोट करमणूक ठरला. रस्त्यावर तो गुन्हा होता.

आता आपण अमेरिकेचा किनारा सोडून, त्याच युद्धाच्या दुसऱ्या अंगाला, जर्मनांनी व्यापलेल्या पॅरिस शहरात जाऊ. १९४० साली फ्रान्सचा पराभव झाला होता. सार्वजनिक नाचांना बंदी होती. मार्शल पेताँ यांच्या विशी सरकारने श्रम, कुटुंब आणि मातृभूमी ही त्रिसूत्री जाहीर केली होती आणि तरुणांनी केस बारीक कापून शिबिरांत कष्ट करावेत असा उपदेश चालविला होता. अशा वेळी शाँझेलिझे रस्त्यावरच्या आणि विद्यार्थ्यांच्या वस्तीतील उपाहारगृहांतून एक निराळीच जमात दिसू लागली. तिला ‘झाझू’ म्हणत. कॅब कॅलोवेच्या १९३३ सालच्या एका गीतातील निरर्थक अक्षरांवरून हे नाव आले असे मानतात, आणि जॉनी हेस या गायकाने १९४२ साली त्यावर गाणे करून ते घरोघर पोहोचविले. झाझू मुलांचा कोट मोठ्या चौकटींचा आणि मांड्यांच्या खालपर्यंत पोहोचणारा असे. विजार अरुंद आणि तोकडी, बुटांचे तळवे जाड, केस मानेवर वाढविलेले आणि तेलाने चोपडलेले. हातात छत्री, पण ती पाऊस आला तरी उघडायची नाही! मुलींचे आखूड चुणीदार झगे, लाकडी तळव्यांची जड पादत्राणे आणि काळा चष्मा. यांना अमेरिकेतील पाचूको ठाऊक असण्याचा संभव फार थोडा. पण ठेका एकच होता, आणि ठेक्याबरोबर कोटही लांब झाला होता.

फ्रान्समध्ये कापडाचा तुटवडा अमेरिकेहून कितीतरी भयंकर होता. १९४२ च्या मार्च महिन्यात एक फर्मान निघाले की, न्हाव्यांनी कापलेले केस टाकून न देता जमा करावेत, म्हणजे त्यांपासून सपाता वगैरे वस्तू बनविता येतील. झाझूंनी केस कापणेच सोडून दिले. त्या उन्हाळ्यात नाझीधार्जिण्या पक्षाच्या तरुण संघटनेने हातांत केस कापण्याची यंत्रे घेऊन झाझूंची शिकार सुरू केली. उपाहारगृहांत शिरून त्यांना झोडपायचे आणि त्यांच्या डोक्यावरून यंत्र फिरवायचे असा हा उद्योग होता. तो लॉस एंजेलिसच्या आधी एक वर्ष झाला. कोट आणि केस यांच्या या भांडणात एक गंभीर गोष्टही घडली. ७ जून १९४२ पासून व्याप्त फ्रान्समधील सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूला छातीवर पिवळा तारा शिवणे सक्तीचे झाले. तेव्हा पॅरिसमधील काही मोजक्या बिगर-ज्यू तरुणांनी आपल्या छातीवरही तसाच तारा लावला, आणि त्यावर ‘ज्यू’ या शब्दाच्या जागी कोणी ‘स्विंग’, कोणी ‘झाझू’ असे शब्द लिहिले. त्यांना पकडून द्रान्सीच्या छावणीत काही महिने डांबण्यात आले. छत्री न उघडण्याचा पोरखेळ करणारा मुलगा एका सकाळी सुई-दोरा घेऊन बसतो आणि दुसऱ्याच्या वाट्याचा कलंक आपल्या छातीवर टाचतो! त्यातले काही आधी निव्वळ नाचे असतील. पण वस्त्राने बोलता येते, हे शिक्षण त्यांना त्या नाचातच मिळाले होते असे आम्हांस वाटते.

पॅरिसहून पुढे खुद्द जर्मनीत, हॅम्बुर्ग बंदरात गेलो, तर तेथेही हाच कोट भेटतो. हॅम्बुर्ग हे व्यापाऱ्यांचे शहर, इंग्लंडशी जुना संबंध असलेले. तेथील सुखवस्तू घरांतील मुले चौकटीचे लांब कोट, रेबीसारख्या मऊ तळव्याचे बूट आणि गळ्याभोवती रंगीत रुमाल घालून, हातात इंग्रजी पद्धतीची छत्री घेऊन फिरत. हिटलर युवक संघातील मुलांचे केस सैनिकासारखे कातरलेले असत. ही मुले ते लांब ठेवीत. ‘हाइल’ या सरकारी नमस्काराला स्विंग शब्द जोडून ती एकमेकांना अभिवादन करीत. मुली ओठ आणि नखे रंगवीत. त्यांच्या खोल्यांत बेनी गुडमनच्या तबकड्या वाजत, आणि नाझींच्या दृष्टीने ते ज्यूंचे आणि निग्रोंचे, म्हणजे दुहेरी भ्रष्ट संगीत होते. १९४१ च्या ऑगस्टमध्ये हॅम्बुर्गमध्ये तीनशेहून अधिक तरुणांना अटक झाली. २६ जानेवारी १९४२ या दिवशी हिमलरने हायड्रिखला पत्र लिहून आज्ञा केली की, यांच्या म्होरक्यांना छळछावणीत घालावे, मारझोड आणि सक्तमजुरी द्यावी, आणि निदान दोन-तीन वर्षे बाहेर सोडू नये. कित्येक मुले मोरिंगेनच्या छावणीत गेली आणि मुली उकरमार्कच्या. रशियाच्या आघाडीवर लाखो सैनिक गोठत असताना त्या राज्याच्या सर्वांत भयंकर अधिकाऱ्याला पोरांच्या नाचाविषयी पत्र लिहिण्यास वेळ मिळाला!

ही तीन शहरे आम्ही एका पंक्तीत बसविली याचा अर्थ तिन्ही राज्ये सारखीच होती असा कोणी करू नये. लॉस एंजेलिसमध्ये दंगा झाला, पण त्याचा निषेध करणारी लेखणीही त्याच देशात मोकळी होती. स्लीपी लगूनच्या आरोपींसाठी नागरिकांनी बचाव समिती काढली, आणि १९४४ च्या ऑक्टोबर महिन्यात वरिष्ठ न्यायालयाने सर्व शिक्षा रद्द केल्या. पुरावा अपुरा आहे आणि आरोपींना आपल्या वकिलांशी बोलण्याचीही धड मोकळीक दिली गेली नाही, असे त्या न्यायालयाने सांगितले. हॅम्बुर्गच्या मुलांना असे कोणते न्यायालय होते? हा फरक लहान नाही, आणि तो विसरणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होय.

तथापि एक गोष्ट पाहून मन थबकते. लॉस एंजेलिसमध्ये हा कोट घालणारा तरुण अमेरिकेचा द्रोही ठरला. हॅम्बुर्गमध्ये तोच ठेका आणि त्याच घाटाचा पोशाख असलेला तरुण अमेरिकेचा आणि इंग्लंडचा हस्तक ठरला. पॅरिसमध्ये तो आळशी, देशाच्या दुःखात मौज करणारा ठरला. एकच कोट, आणि तीन परस्परविरुद्ध आरोप! तेव्हा आरोपातील मजकूर कोटात नव्हता हे उघड आहे. प्रत्येक सत्तेला ज्याचे भय होते, ते तिने त्या कापडावर लिहून काढले आणि मग स्वतःच वाचून दाखविले. जपान्यांनंतर आणखी कोणीतरी परका हवा होता, म्हणून एका ठिकाणी मेक्सिकन दिसला. दुसऱ्या ठिकाणी पराभवाची लाज कोणाच्या तरी माथी मारायची होती, म्हणून नाचणारा दिसला. आणि जेथे प्रत्येक तरुण हा एका साच्यातली वीट असायला हवा होता, तेथे मानेवर रुळणारे केससुद्धा बंडाचे निशाण वाटले.

मग ही मुले क्रांतिकारक होती काय? आम्ही त्यांना तसा मान देणार नाही, आणि त्यांनी तो मागितलाही नसता. बहुतेकांना नाचायचे होते, मुलींच्या नजरेत भरायचे होते, आणि आपण आपल्या बापासारखे नाही हे जगाला दाखवायचे होते. काही भांडखोर होते आणि काही नुसतेच नटवे होते. राजकारण त्यांच्या पोशाखात होते ते इतकेच की, तो त्यांनी स्वतः निवडला होता. उरलेले राजकारण लाठीने, न्हाव्याच्या यंत्राने आणि तुरुंगाच्या दाराने त्यात भरले. आणि एकदा ते भरले गेल्यावर बाहेर निघाले नाही. शेतमजुरांचा थोर पुढारी सेझर चावेझ हा तरुणपणी झूट सूट घालीत असे. लुइस वाल्देझ या नाटककाराने १९७८ साली स्लीपी लगूनच्या खटल्यावर ‘झूट सूट’ हे नाटक लिहिले आणि १९८१ साली त्याचा चित्रपटही झाला. ज्या कोटाची लाज वाटावी म्हणून तो जाळला, तोच कोट पुढच्या पिढीने अभिमानाने रंगमंचावर आणला.

आपल्याकडे हा ठेका कोणत्या वाटेने आला हेही सांगून टाकू. गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी मुंबईच्या हॉटेलांतून तो आत्मसात केला. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला गोव्याचा ट्रम्पेटवादक आपल्या वाद्यवृंदासह १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात दिसतो. त्याचे संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांचे, आणि नायक व दिग्दर्शक भगवान पालव, गिरणगावात वाढलेला मराठी माणूस. हार्लेमचा झुलता ठेका गिरणगावच्या पायांत आला तो असा. वडीलधाऱ्यांची नापसंती येथेही होती. डॉ. बाळकृष्ण केसकर हे १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले आणि त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला, आणि १९५७ साली विविध भारती सुरू झाली तेव्हा गाणी घरी परतली. डॉ. केसकरांच्या रसिकतेशी आमचा मतभेद असेल, पण त्यांचे भांडण सुरांशी होते. गाणे आवडणाऱ्या पोराच्या सदऱ्याला कोणी हात घातला नाही. मतभेद आणि मारहाण यांच्यामधली ही रेघ फार मोलाची आहे.

श्रोतेहो, या सभागृहात वडीलधारी मंडळी पुष्कळ आहेत, आणि घरातील मुलाचे केस, मुलीची विजार किंवा कानाला लावलेले गाणे यांवरून कुरकुर न करणारा एकही घरधनी येथे असेल असे आम्हांस वाटत नाही. ती कुरकुर अवश्य करावी. तो वडिलांचा हक्क आहे, आणि कुरकुरीवाचून तरुणांच्या नटण्याला गोडीही येत नाही. पण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात १९४२ च्या शरद ऋतूत जी मुले वाढलेल्या केसांनी आणि मळक्या कपड्यांनी बाकावर बसली होती, त्यांची आठवण मात्र मनात असू द्यावी. पंचांनी त्यांचे केस पाहिले, कोट पाहिले आणि निकाल दिला. कोटाच्या आत माणूस कोण आहे, आणि त्याने नक्की काय केले, हे विचारायला कोणाला तरी दोन वर्षांनी वरच्या न्यायालयात जावे लागले. तोवर त्या मुलांची दोन वर्षे तुरुंगात गेली होती, आणि ती मात्र कोणत्याही न्यायालयाला परत देता आली नाहीत.